पंख्याखालचा सोडा

चोवीस वर्षं मी एका दुकानात उभा होतो. उभाच, कारण आमच्या कामात बसायला स्टूल मिळतं ते फक्त काउंटरवरच्यांना. या चोवीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मीठ कुठंय?" पहिली वीस वर्षं हा प्रश्न नवखी माणसं विचारायची. शेवटची चार वर्षं जुनी माणसं विचारू लागली, आणि विचारताना त्यांचा आवाज चढलेला असायचा.

आमच्या सिल्वासातल्या टोकरखाडा भागातले परब सर गणिताचे निवृत्त शिक्षक. मूळचे कोकणातले, इथल्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक तेच काढतात. ते म्हणाले, "भामरे, दुकानातल्या गमतीजमती लिहा. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं वगैरे." मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. गमती आठवल्या तशा लिहिल्याही. पण प्रत्येक वेळी पेन एका पंख्यापाशी येऊन अडायचं. शेवटी ठरवलं की आधी पंख्याचंच लिहावं.

दुकानाचं नाव देत नाही. सिल्वासात राहणाऱ्याला ते कळेलच, आणि बाहेरच्याला कळून उपयोग नाही. खाली किराणा, भांडी, साबण-सोडा. वर कपडे, चादरी, खेळणी. गाव त्याला डिपार्टमेंटल स्टोअर म्हणायचं. मोठे शेठ मात्र शेवटपर्यंत दुकानच म्हणत. मी शिरपूरकडचा. आधी जवळच्या मसाट गावात एका यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कारखान्यात होतो. तिथल्या मशीनच्या आवाजानं एक कान कायमचा बसला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काम बदला. म्हणून दुकानात आलो, पॅकिंगला.

आलो आणि पहिल्याच महिन्यात फजिती झाली. उत्तरेकडचा एक कामगार आला आणि म्हणाला, "मीठा सोडा देना." मी आपला गडी हुशार. साखरेचा एक पुडा आणि सोड्याची बाटली आणून त्याच्या हातात ठेवली. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मोठे शेठ गल्ल्यावरून उठले, आम्हा दोघांना दंडाला धरून पंख्याखालच्या रॅकपाशी नेऊन उभं केलं आणि एका पाकिटावर बोट ठेवलं. "आ रह्यो." हा इथं आहे. त्याचा मीठा सोडा म्हणजे आपला खायचा सोडा. गुजराती बाया त्यालाच साजीनां फूल म्हणतात. एक पांढरी पूड, तीन नावं, आणि आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक किमान सहा बोलींचं.

त्यावर आमच्या दुकानानं आपोआप एक तोडगा काढला होता. तो कोणी शोधला नव्हता आणि कुठं लिहिलेलाही नव्हता. वस्तूचं नाव घ्यायचंच नाही, जागेचं घ्यायचं. मीठ दाराशी. तेल खांबामागे. चहा जिन्याखाली. डाळी आरशासमोर; हा आरसा कपड्यांचा विभाग खाली होता तेव्हाचा, तो काढायचा राहून गेला होता. सोडा, पापडखार, हिंग हा पावसाळ्यात दमट होऊन गठ्ठा होणारा माल, म्हणून तो पंख्याखाली. गिऱ्हाईक नुसतं बघायचं आणि आम्ही म्हणायचो, "खांबामागे." कोणत्याही बोलीत खांब दिसतोच. घरातून निघणाऱ्या माणसालाही बायको सांगायची, "येताना पंख्याखालचं घेऊन या."

पंखा हिरवा होता. शेठच्या आधीच्या लहान दुकानातून आणताना त्याचं एक पातं वाकलं होतं, त्यामुळे फिरताना टक्‌ टक्‌ वाजायचा. माझ्या बसलेल्या कानालाही तो ऐकू यायचा. मी एकदा दुरुस्तीला काढला तर शेठ म्हणाले, "रहेवा दो, भामरेभाई." धंद्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "घराकने रस्तो पूछवो न पडे, एनुं नाम दुकान." गिऱ्हाइकाला वाट विचारावी लागू नये, त्याचं नाव दुकान.

मोठे शेठ गेले आणि कारभार धाकट्या शेठकडे आला. आता वाचकाला वाटेल की धाकटे शेठ म्हणजे वाईट माणूस. तसं मुळीच नाही. शिकलेला, कष्टाळू, आम्हाला कधी अरेतुरे न करणारा. त्यानं मुंबईहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांच्या मागेमागे फिरून कागदावर रेघा ओढल्या. मग आम्हाला बसवून समजावलं. ते इथं सांगतो, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं.

रोज लागणाऱ्या वस्तू, म्हणजे दूध, मीठ, साखर, पार मागच्या भिंतीला ठेवायच्या. माणूस मिठाला आला की त्यानं वाटेत बिस्किटं, शाम्पू, प्लास्टिकचे डबे सगळं पाहत जावं. ज्यात नफा जास्त ते डोळ्यांच्या उंचीवर, कमी ते पायाशी. आणि जागा अधूनमधून बदलत राहायच्या. जागा पाठ झाली की माणूस आंधळ्यासारखा सरळ जातो, वस्तू उचलतो आणि निघून जातो. सवय मोडली की तो मान वर करून बघायला लागतो. धाकटे शेठ म्हणाले, "भामरेजी, ग्राहक जितना घूमेगा, उतना देखेगा. जितना देखेगा, उतना लेगा."

मला ते पटलं. खोटं कशाला लिहू? शिवाय मला 'फ्लोअर मॅनेजर' असं लिहिलेला बिल्ला मिळाला होता, आणि माणसाला छातीवर बिल्ला असला की बऱ्याच गोष्टी पटतात. चार दिवस दुकान बंद ठेवून आम्ही सगळं हलवलं. खांबाला आरसे लागले, डाळींसमोरचा जुना आरसा गेला, जिन्याखाली थंड पेयांचं कपाट आलं. सुटा माल एकसारख्या पारदर्शक पाउचमध्ये भरला, प्रत्येकावर दुकानाच्या नावाची सारखीच पांढरी पट्टी आणि तिच्यावर बारीक अक्षरात आत काय आहे ते. कपडे धुण्याचा सोडा आधी मागच्या बाजूला पोत्यातून सुटा विकायचो. तोही त्याच पाउचमध्ये गेला. तज्ज्ञ म्हणाले, सगळ्या मालाला एकच चेहरा हवा.

एसी बसला म्हणून पंखे उतरवले. हिरवा पंखा भंगारात निघाला होता. मला जीवावर आलं. मागच्या कोपऱ्यात, जिथं फिनाईल, साबण, धुण्याचा सोडा लावला होता, तिथं एसी नीट पोचत नव्हता आणि फिनाईलच्या वासानं पोरींची डोकी दुखत होती. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, हा इकडे लाव. त्यानं लावला. टक्‌ टक्‌ सुरू झालं, आणि एक चांगली वस्तू वाचवली म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

मग दुकान उघडलं आणि आमची परीक्षा सुरू झाली.

पहिल्याच दिवशी परब सर आले. त्यांची यादी गेली कित्येक वर्षं दुकानाच्या क्रमानं लिहिलेली असायची. दाराशी मिठापासून सुरुवात, जिन्याखाली चहावर शेवट. ते एका हातात यादी आणि एका हातात टोपली घेऊन मधोमध उभे राहिले. नंतर त्यांनी सूचनांची वही मागितली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मिठाचे स्थान शोधण्यास चौदा मिनिटे लागली. पैकी सहा मिनिटे आपल्या कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनामुळे वाया गेली.' जाताना मला म्हणाले, "भामरे, तुम्ही लोकांची पाठांतरं मोडलीत. हे बरं केलं नाहीत." मी हसून म्हटलं, "सर, होईल सवय." आज ते हसू आठवलं की माझीच मला चीड येते.

सरकारी क्वार्टरमधल्या एक बाई भरलेली ट्रॉली तशीच माझ्यासमोर ढकलून निघाल्या. "तुमचं तुम्हीच ठेवा जागच्या जागी. तुम्हाला तरी जागा माहीत असतील," म्हणाल्या. काही लोक भांडायचे, काही उगाच हिंदीत ओरडायचे. त्यांचं मला काही वाटायचं नाही; ओरडणारं गिऱ्हाईक परत येतं. पण सुरंगीकडचे एक म्हातारे वारली आजोबा महिन्यातून दोनदा चहापूड आणि टॉर्चचे सेल न्यायला यायचे, ते दारात आले, आतली चकचकीत फरशी बघितली आणि चपला बाहेर काढून ठेवल्या. अनवाणी आत चार पावलं टाकली. जिन्याकडे बघितलं. तिथं चहा नव्हता. कोणाला काही न विचारता ते मागे फिरले, चपला घातल्या आणि गेले. मी काउंटरपाशीच होतो. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना नावाची गरज पडली नव्हती आणि मलाही.

आम्हाला ताकीद होती की कोणी काही विचारलं तर हाताला धरून न्यायचं नाही, वर टांगलेली पाटी दाखवायची. 'गल्ली क्रमांक सात' असं सांगायचं. पोरांच्या तोंडात जुनं बसलेलं, 'जिन्याखाली' पटकन निघून जायचं, त्यावरून मी त्यांना झापायचो. पाट्या इंग्रजीत आणि हिंदीत होत्या. विक्री वाढली, हेही लिहायला हवं, नाहीतर धाकट्या शेठवर अन्याय होईल.

आता इंदूबाई.

त्या साक्रीकडच्या, म्हणजे माझ्याच मुलखाच्या. आम्ही दोघं दुकानात अहिराणीत बोलायचो आणि बाकीचे ऐकत राहायचे. नवरा मसाटला कारखान्यात होता, तो आजारपणात गेला. मूलबाळ नाही. दिरानं गावी बोलावलं, पण तिथं जाऊन काय व्हायचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी खोलीतच स्टोव्हच्या जागी दोन शेगड्या मांडल्या आणि कारखान्यातल्या माणसांना डबे द्यायला सुरुवात केली. दोनाचे पाच, पाचाचे बावीस झाले. मला एकदा म्हणाल्या होत्या, "डबा चालना ते मी आठे, भाऊ. नही चालना ते दीरना दारमा." डबा चालला तर मी इथं, नाही तर दिराच्या दारात. यापलीकडे त्यांच्या आयुष्यात तिसरा रस्ता नव्हता.

त्यांना वाचता येत नव्हतं. हे मला कळायला दहा वर्षं लागली, इतक्या त्या दुकानात सराईत होत्या. दर रविवारी सकाळी यायच्या. दाराशी, आरशासमोर, खांबामागे, पंख्याखाली, जिन्याखाली, आणि काउंटर. कधी एक वस्तू चुकली नाही. नव्या मांडणीनंतर दोन-तीन रविवार त्या मला गाठून विचारायच्या, मी पाटी दाखवायचो, मग माझ्या लक्षात यायचं आणि मी इकडेतिकडे बघून त्यांना रॅकपर्यंत पोचवायचो. ताकीद होती, पण तेवढं मी करायचो. सोडा घरात शिल्लक असावा, तो त्यांनी तेव्हा मागितला नव्हता.

श्रावणातला रविवार होता. दुकानात तुफान गर्दी, राख्यांचं टेबल मधोमध लावलेलं. त्यातच मुंबईचे तज्ज्ञ आपली मांडणी बघायला आले होते आणि मी धाकट्या शेठबरोबर त्यांना दुकान दाखवत होतो. मागून इंदूबाईंचा आवाज आला.

"भाऊ, सोडा?"

"पंख्याखाली," मी म्हणालो.

मान वळवली नाही. विचार केला नाही. वीस वर्षं जे उत्तर दिलं होतं ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि मी तज्ज्ञांना पुढचा रॅक दाखवायला वळलो. इंदूबाई "हा" म्हणाल्या आणि गेल्या. पंखा कुठं आहे ते शोधायची त्यांना गरज नव्हती. तो टक्‌ टक्‌ वाजत होता.

सोमवारी डब्यात छोले असायचे. उत्तरेकडच्या माणसांना ते आवडतात. रात्री भिजत घातलेले चणे मऊ शिजावेत म्हणून खायचा सोडा टाकतात, मोठ्या पातेल्याला चमचाभर. त्यांनी टाकला. फेस जरा जास्त आला. त्यांना वाटलं, सोडा ताजा आहे. एरवी त्या डबे भरायच्या आधी बोटावर घेऊन चव बघायच्या. पण श्रावणी सोमवार, त्यांचा उपास. उपासाच्या दिवशी त्या मीठमसाल्याच्या अंदाजानं स्वयंपाक करायच्या, आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे.

बावीस डबे कारखान्याच्या गेटवर पोचले. सगळे बरे झाले, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या दुपारी पाच माणसं ओकत, तोंडाची आग होऊन दवाखान्यात गेली, आणि त्यातल्या एकाच्या घशाला इजा झाली म्हणून त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. बाकीच्यांनी कडवट लागतंय म्हणून दोन घासांत डबा बंद केला होता. ज्यांना भूक जास्त त्यांनी खाल्लं. आम्ही कारखान्यात असताना आम्हीही तसंच खायचो, घाईघाईत, चव न बघता.

मंगळवारी इंदूबाई दुकानात आल्या. उरलेलं पाउच पदरात गुंडाळलेलं. माझ्याशी काही न बोलता त्या सरळ मागच्या कोपऱ्यात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या पंख्याखाली उभ्या होत्या आणि वर बघत होत्या.

"पंखा ते तोच शे ना, भाऊ?"

पंखा तोच होता. वाकलेलं पातं तेच, रंग तोच. मला तेव्हा कळलं. कालपासून दुकानात कुजबुज होती, कोणा डबेवालीनं काहीतरी घोटाळा केला म्हणून. ती डबेवाली कोण आणि घोटाळा कसा झाला, ते त्या एका वाक्यात कळलं. 

"इथं फिनाईलचा वास नाही आला का तुम्हाला?" मी विचारलं. काय विचारलं मी! त्या क्षणीही मी त्यांचीच चूक शोधत होतो.

"वास ऊना ना. मी म्हनं, नवी फरशी पुसेल शे." वास आला होता, त्यांना वाटलं नवीन फरशी पुसली आहे. "सोमवारना उपास व्हता, म्हनीसन चाखं नही," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग, "त्यासनं तोंड जळनं, भाऊ." त्यांची तोंडं जळली. एवढं म्हणून त्या रडल्या. स्वतःच्या डब्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

बुधवारी चौकशीला सरकारी खात्यातले एक साहेब आले. धाकट्या शेठच्या केबिनमध्ये इंदूबाईंना उभं केलं, मीही होतो. साहेबांनी हिंदीत विचारलं, "ये पैकेट आपको किसने दिया? दुकान में किसी से पूछा था?"

इंदूबाईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, क्षणभरच.

"किसको नहीं पूछा, साब. मैंने ही उठाया."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. साहेब, मी सांगितलं पंख्याखाली. मी गप्प राहिलो. दुपारी दुकानाच्या ऑफिसातून एक कागद टाइप होऊन आला, तीन ओळींचा. माल ठरलेल्या जागी होता. पाकिटावर नाव स्पष्ट छापलेलं होतं. ग्राहक महिलेस वाचता येत नसल्यामुळे तिनं स्वतःहून चुकीची वस्तू उचलली. खाली 'फ्लोअर मॅनेजर' आणि जागा कोरी. त्या तीन ओळींत एकही अक्षर खोटं नव्हतं. माझ्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम चार वर्षं होती, मुलगी शिकत होती. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली, आजही सांगतो. ती खरी आहेत आणि पुरी पडत नाहीत. मी सही केली.

त्यानंतर मी फार तत्पर झालो. धुण्याचा सोडा निळ्या पाउचमध्ये टाकायला लावला आणि त्यावर सदऱ्याचं चित्र छापून घेतलं. पंखा उतरवून गोदामात ठेवला. धाकट्या शेठनं दोन्हीला लगेच होकार दिला. त्यालाही वाईट वाटलं होतं. पण त्याला काय माहीत होतं? मी त्याला सांगितलंच नव्हतं.

इंदूबाईंचे डबे गेटवर घेईनात. दवाखान्यात गेलेल्या माणसांचा राग नव्हता. त्यांच्यातला एक तर स्वतः जाऊन वॉचमनला त्यांचे डबे घ्यायला सांगून आला. पण बाकीच्यांनी दुसरीकडे सोय लावली. खोल्यांच्या ओळीत त्यांना नाव पडलं, 'साबुनवाली'. नळावर पाणी भरताना लोक हसून म्हणायचे, आधी साबुनवालीचं धुऊन होऊ द्या. दहा वर्षं ज्यांच्या हाताची चव लोक सांगत होते त्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. महिनाभर त्यांनी सहा डबे चालवले, मग तीन. मग शेगड्या विकल्या. दुकानात त्या पुन्हा आल्या नाहीत.

मी निवृत्त झालो तेव्हा दुकानानं निरोप समारंभ केला, शाल दिली. धाकटे शेठ म्हणाले, भामरेजींना दुकानाचा कोपरा न कोपरा पाठ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कपाटातल्या कागदांत त्या तीन ओळींची झेरॉक्स होती. ती मी का ठेवली होती ते मला सांगता येणार नाही, पण फेकवत नव्हती.

या लेखाच्या निमित्तानं पेन पंख्यापाशी अडायला लागलं, तेव्हा मी तो कागद खिशात घालून मसाटला गेलो. त्याच ओळीत, तीच खोली. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. इंदूबाई आता पॅकिंगला जातात, बारा तास उभ्यानं. दिराच्या दारात गेल्या नाहीत, इतकं मात्र त्यांनी राखलं. मला बघून त्यांना आनंद झाला. खरंच झाला, मी तोंड बघितलं त्यांचं. चहा टाकला. घरात आता एकच शेगडी होती आणि एकच पातेलं.

मी विचारलं, "त्या साहेबांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमनी नोकरी व्हती ना, भाऊ," त्या चहा गाळत म्हणाल्या. "मना डबा ते तसाबी गया व्हता." माझा डबा तर गेलाच होता, मग तुमची नोकरी कशाला घालवायची? त्यांच्या दृष्टीनं हिशोब साधा होता.

मी कागद काढला. हा कसला, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्या वेळी मी सही केली तो.

"काय लिखेल शे त्यामा? वाचीसन दाखाडा."

मी वाचून दाखवला. आयुष्यात इतकं कठीण वाचन मी कधी केलं नाही. 'वाचता येत नसल्यामुळे' हे शब्द वाचता न येणाऱ्या बाईच्या तोंडावर, तिच्याच घरात, तिचाच चहा पिऊन वाचायचे.  त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कपाळावर आठीसुद्धा नव्हती. 

"समदं खरंच लिखेल शे," त्या म्हणाल्या. सगळं खरंच लिहिलं आहे.

मी कागदाची घडी घालू लागलो.

"पन पंखानं नही लिखेल."

पंख्याचं नाही लिहिलं. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. यादीतली एक वस्तू राहिली, हे सांगावं तसं म्हटलं.  चहा संपवला आणि घरी आलो.

परब सरांना गमतीजमती हव्या होत्या. त्यांनी माफ करावं. त्या कागदावर जे लिहायचं राहिलं ते मी इथं लिहितो आहे. श्रावणातल्या एका रविवारी इंदूबाईंनी मला विचारलं होतं, सोडा कुठं आहे. मी मान न वळवता सांगितलं, पंख्याखाली. पंखा मीच हलवला होता. चूक त्यांची नव्हती. त्या बरोबर पंख्याखाली गेल्या.

अंक छापून आला की मी मसाटला जाणार आहे. त्यांना हे वाचून दाखवायचं आहे, शेवटच्या ओळीपर्यंत.